लॅकरखालची शिवराई

रायगड महाड तालुक्यात आहे, आणि मराठी राज्याचे नाव ज्या तांब्याच्या नाण्याने सामान्य माणसाच्या मुठीत पोचवले ते नाणेही याच मातीशी जोडलेले आहे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, असे नाणकशास्त्राचे अभ्यासक मानतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि भोवती ठिपक्यांचे कडे, एवढाच मजकूर. होन आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके दुर्मीळ आहेत. शिवराई मात्र पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीलाही निघत राहिली आणि एकोणिसाव्या शतकात बाजारात चालत राहिली. म्हणून ती अजून देव्हाऱ्यातल्या टाकांशेजारी, आजीच्या पेटीत आणि हौशी संग्राहकांच्या वह्यांत भेटते. यातल्या काही नाण्यांवर मागे कधीतरी कुणीतरी पारदर्शक लॅकर मारलेले असते. ते आता पिवळे पडले आहे, कडेला सुटले आहे, अक्षरांच्या खाचांत साकळले आहे. हे लॅकर काढावे, असे माझे मत आहे. आणि ते काढताना नाणे उजळू नये, हा त्याच मताचा दुसरा अर्धा भाग आहे. लॅकर काढणे आणि नाणे घासून लखलखीत करणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची गल्लत होते तिथेच बहुतेक नाण्यांचे नुकसान होते.

लॅकर मारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पितळेची समई, तांब्याचा कलश, देवाची प्रभावळ पॉलिश करून वर लॅकर मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. भांडे काळे पडत नाही आणि दर सणाला चिंच लावावी लागत नाही. तोच उपाय नाण्यावर केला गेला. कुणी पॉलिशवाल्याकडून फवारा मारून घेतला, कुणी सुताराकडचे चपड्याचे पॉलिश फडक्याने फिरवले, कुणी घरातलीच पारदर्शक नेलपॉलिश लावली. विकणाऱ्यालाही हे सोयीचे, कारण ओलसर चमक असलेले नाणे फोटोत उठून दिसते. परदेशातही हे झाले आहे. अमेरिकेतले जुने तांब्याचे सेंट जपण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या संग्राहकांनी त्यांना लॅकर लावले, आणि आज नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या संस्था अशा नाण्याला निर्मळ दर्जा देत नाहीत. म्हणजे ही चूक एखाद्या खेड्याच्या अडाणीपणातून आलेली नाही. तांबे काळे पडते ते थांबवावे, ही इच्छा सगळीकडे सारखीच आहे.

ज्याला आपण सरसकट लॅकर म्हणतो त्यात निदान चार वेगवेगळे पदार्थ असतात, आणि पुढचे सगळे या भेदावर अवलंबून आहे. पहिला म्हणजे चपडा, लाखेच्या किड्याने झाडावर सोडलेल्या रेझिनपासून केलेला. तो स्पिरिटमध्ये विरघळतो. दुसरा नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसाच्या तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला. दुकानात ‘एनसी लॅकर’ म्हणून मिळतो तो हा, आणि नेलपॉलिशचा पायाही हाच. तो अ‍ॅसिटोनमध्ये सहज विरघळतो. तिसरे अ‍ॅक्रिलिक, अलीकडच्या फवाऱ्याच्या डब्यांत असते ते. तेही बहुधा अ‍ॅसिटोनला दाद देते. चौथ्या प्रकारात पॉलियुरेथेन, दोन द्रव मिसळून वाळवायचे कोटिंग आणि जवसाच्या तेलाचे वार्निश येते. यांच्यात वाळताना रेणूंची जाळी विणली जाते. असा थर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, फार तर फुगतो आणि सुरकुततो. शिवराईवर यातले काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. भिंगातून मात्र थर आहे की नाही ते कळते. अक्षराच्या कडेला गोठलेला मेणचट काठ, अडकलेला बुडबुडा किंवा ब्रशचा केस, काठाशी वाळलेला थेंब, कोपऱ्यातून पापुद्रा सुटल्यावर दिसणारा वेगळा रंग, या थराच्या खुणा आहेत. अतिनील टॉर्चखाली चपडा नारिंगी झाक दाखवतो, एवढी एक ओळख घरीही करून घेता येते.

आता मुख्य प्रश्न असा की थर जुना झाला म्हणून बिघडले कुठे? पहिली गोष्ट, लॅकर पाणी अडवते, पाण्याची वाफ पूर्णपणे अडवत नाही. हवेतला दमटपणा पातळ पापुद्र्यातून हळूहळू आत झिरपतो, आणि पापुद्र्याला भेग पडली की त्या जागी ओल साचून राहते. आजूबाजूचे तांबे झाकलेले आणि भेगेतले उघडे, अशा ठिकाणी गंज एकाच बिंदूवर खोल उतरतो. सगळे नाणे सारखे काळवंडले असते तर ते परवडले असते. ही खड्ड्यांची झीज परवडत नाही, कारण तिच्यात अक्षरेच जातात. दुसरी गोष्ट, नायट्रोसेल्युलोज हा अस्थिर पदार्थ आहे. तो वर्षानुवर्षे कुजत जातो, नायट्रोजनची ऑक्साइडे सोडतो, आणि ओलावा मिळाला की त्यांचे आम्ल होते. जुन्या सिनेमाच्या नायट्रेट फिल्मचा पदार्थ हाच. त्या आपोआप कुजतात आणि पेट घेतात हे आपल्याला महागात पडून कळले आहे. २००३ साली पुण्यात अशाच फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत मराठी सिनेमाचा मोठा ठेवा गेला. नाण्यावरचा थर पेट घेण्याइतका जाड नसतो, पण तांब्याला अगदी चिकटून कुजत असतो, आणि तांब्याला तेवढे आम्ल पुरते.

तिसरी गोष्ट आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिची चर्चा मात्र कमी होते. लॅकर मारण्याआधी नाणे ‘स्वच्छ’ केलेले असते, आणि आपल्याकडे तांबे स्वच्छ करायचे म्हणजे चिंच आणि मीठ. कोकणात कधी आमसुलाची साले, कधी लिंबू, पण मीठ बहुधा असतेच. मिठातला क्लोराइड तांब्याच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतो आणि नळाखाली एकदा धुतल्याने निघत नाही. तांब्यावर त्याचे क्युप्रस क्लोराइड बनते. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की ते फिकट हिरव्या भुकटीत बदलते आणि बदलताना हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळे करते. ते आम्ल पुन्हा ताजे तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा भुकटी. संग्रहालयांचे लोक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. नाव ब्राँझचे असले तरी शुद्ध तांब्यालाही तो होतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की हे चक्र फिरू लागते, असे संवर्धनाच्या क्षेत्रात मानले जाते. महाड-पोलादपुरात पावसाळ्याचे चार महिने हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट दमट असते. सह्याद्रीच्या कुशीतल्या पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हिवाळ्यातल्या दुपारी हवा थोडा वेळ पुरेशी कोरडी होते, आणि रात्री दव पडले की ओलावा परत चढतो. अशा हवेत मिठाने घासलेल्या नाण्यावर लॅकर मारणे म्हणजे रोग आत कोंडून वरून दार लावणे. आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि दिसले तरी तिथवर पोचता येत नाही.

यात पुराची भर पडते. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचे पाणी महाड शहरात शिरले तेव्हा तळमजल्यांवरचे सगळे गाळात बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून माणसे गेली, त्या दुःखापुढे वस्तूंची गोष्ट गौणच आहे. तरीही अशा पुरानंतर कपाटे उपसताना जुनी नाणी, तांब्याची भांडी, ताम्रपट हाती येतात आणि लोक ती फडक्याने पुसून ठेवून देतात. लॅकर असलेल्या नाण्याबाबत ही घाई घातक ठरते. वरून पुसले की ते कोरडे दिसते, पण सुटलेल्या पापुद्र्याखाली गाळाचे पाणी राहते आणि तिथून सुकायला त्याला वाट नसते. उघडे नाणे पुरात भिजले तर डिस्टिल्ड पाण्याने धुऊन वाळवता येते. लॅकर फाटलेले नाणे भिजले तर आधी लॅकर काढावे लागते, मगच धुण्याला अर्थ येतो.

रसायनापलीकडे आणखी एक कारण आहे, आणि इतिहासाची आवड असणाऱ्याला ते जास्त पटेल. शिवराईवरचा मजकूर थोडका असला तरी त्याची रूपे पुष्कळ आहेत. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘पति’ ऱ्हस्व तर कुठे दीर्घ. ‘श्री’ची वेलांटी कशी वळली आहे, ‘ज’चा काना कुठे संपतो, ठिपके किती ठसठशीत आणि किती अंतरावर आहेत, अशा बारकाव्यांवरून ठसा कोणत्या काळचा, कोणत्या टांकसाळीच्या घराण्यातला याचा अंदाज बांधला जातो. शिवाजी महाराजांच्या हयातीतली शिवराई कोणती आणि त्यांच्या नावाने नंतर निघालेली कोणती, हा वाद याच खुणांवर उभा आहे. दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ असलेली दुदांडी शिवराई उत्तरकाळातली, हे त्यातले सोपे उदाहरण. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांनी १९८९ साली मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवर जो ग्रंथ केला, तो अशाच बारीक खुणांच्या मोजदादीतून उभा राहिला. साचा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा एखादा तुकडाच उमटतो आणि ठिपक्यांचे कडे अर्धेमुर्धे येते. आता लॅकर नेमके कुठे साचते ते पाहा: खाचांत, ठिपक्यांच्या मधे, वेलांटीच्या पोटात. म्हणजे जिथे वाचायचे तिथेच. शिवाय लॅकर लबाडीलाही आडोसा देते. रायगड पाहायला येणाऱ्यांना होन आणि शिवराईच्या प्रतिकृती आठवण म्हणून विकत मिळतात, त्यात गैर काही नाही. पण ओतीव प्रतिकृती काळवंडवून खरी म्हणून खपवायची असेल, तर काठावरचा ओतकामाचा सांधा, पृष्ठभागावरची बारीक छिद्रे आणि कोरून ठळक केलेली अक्षरे झाकायला लॅकरसारखी सोय नाही. थर निघाला की हे सगळे भिंगाखाली उघडे पडते. घेणाऱ्याला ते नको असेल, पण नाण्याचे खरेपण ठरवायला दुसरा मार्ग नाही.

इथे पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो वजनदार आहे. एवढा पाऊस, एवढा दमटपणा, आणि तुम्ही नाण्याचे कवच काढा म्हणता? कवच काढल्यावर ते दुप्पट वेगाने बिघडणार नाही का? चांगल्या, सलग, नव्या थराला हा युक्तिवाद लागू पडतो. संग्रहालयेही प्रसंगी ब्राँझ आणि तांब्यावर पॅरालॉइड बी-७२ नावाच्या अ‍ॅक्रिलिकचा थर देतात, कारण तो फारसा पिवळा पडत नाही आणि पन्नास वर्षांनीही काढता येतो. पण आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो थर जुना आहे, अज्ञात आहे, भेगाळलेला आहे आणि मिठाने घासलेल्या नाण्यावर चढवलेला असण्याची दाट शक्यता आहे. फुटके कवच संरक्षण देत नाही, फक्त दिल्याचा भास निर्माण करते. त्यामुळे आक्षेपाचे उत्तर असे: थर शाबूत, निर्मळ आणि घट्ट असेल, खाली कुठेही हिरवा ठिपका नसेल, तर काढण्याची घाई करू नये, दर वर्षी पावसाळ्यानंतर भिंगाखाली पाहावे. पिवळेपणा, पापुद्रे, भेग किंवा हिरवी भुकटी यातले काहीही दिसले की मात्र थांबण्यात अर्थ नाही.

काढायचे म्हणजे विरघळवायचे, खरवडायचे नाही. सगळ्या पद्धतीचे सार या एका वाक्यात आहे. लॅकर नंतर आलेले परके आहे आणि ते द्रावकात विरघळते. नाण्याचा तपकिरी किंवा काळसर थर मात्र नाण्याचाच आहे. तांब्याने दोनशे-तीनशे वर्षे हवेशी जो व्यवहार केला त्याची ती त्वचा आहे, आणि ठशाचे सर्वांत बारीक तपशील त्याच थरात राहिलेले असतात. सेंद्रिय द्रावक या त्वचेला हात लावत नाही. आम्ल लावते, अपघर्षक लावतो. म्हणून लिंबू, चिंच, आगळ, व्हिनेगर, पितांबरी, रांगोळी, टूथपेस्ट, ब्रासो यांतले काहीही या कामात येत नाही. वजनाचा पुरावाही याच बाजूचा आहे. पुरी शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची, आणि अभ्यासक वजनावरून तिची जात ठरवायला मदत घेतात. अ‍ॅसिटोनने थर काढल्यावर गेलेले वजन लॅकरचे असते. आम्लाने घासल्यावर गेलेले वजन नाण्याचे असते, आणि ते परत येत नाही.

प्रत्यक्ष रीत कठीण नाही, धीर मात्र लागतो. शुद्ध अ‍ॅसिटोन घ्यावे, प्रयोगशाळेच्या दर्जाचे. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात आणि ते नाण्यावर राहतात. हार्डवेअरच्या दुकानातले एनसी थिनर हे टोल्यूइन, एस्टर आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असते, त्याचे प्रमाण डब्यागणिक बदलते, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये. आधी कडेच्या न दिसणाऱ्या जागी कापसाचा ओला बोळा टेकवून पाहावा. बोळा पिवळा किंवा चिकट झाला तर थर विरघळतो आहे. नाहीच झाला तर त्याच जागी स्पिरिटचा बोळा टेकवावा, चपडा त्याला दाद देतो. मग झाकण असलेल्या काचेच्या भांड्यात, प्लास्टिकच्या नव्हे, नाणे बुडवून तासभर ठेवावे. थर मऊ झाला की द्रावक बदलावे, कारण विरघळलेले लॅकर त्याच द्रवात असते आणि तो वाळला की पुन्हा नाण्यावर पातळ पापुद्रा होऊन बसते. हीच चूक सर्वांत जास्त होते. म्हणून तीन-चार वेळा ताजे अ‍ॅसिटोन घ्यावे, आणि शेवटची बुडी अगदी न वापरलेल्या द्रवाची असावी. खाचांत उरलेले लॅकर बांबूच्या टोकदार काडीने द्रावकाखालीच ढिले करावे. सुई, पिन, ब्लेड हातातही घेऊ नये. कापूस घासायचा नाही, नाण्यावर गोल फिरवत लोळवायचा. शिवराईखेरीज इतर नाण्यांचे पाहायचे तर, लारी म्हणजे वाकवलेल्या चांदीच्या तारेचे नाणे, आदिलशाही काळात कोकणात चालणारे, त्याच्या घडीत लॅकर अडकलेले असले तर कापूस पोचत नाही आणि बुडीच कामी येते. तराजूचा छाप असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबई पैसा आणि १८३५ नंतरचा क्वार्टर आणा यांना शिवराईचीच रीत चालते. अ‍ॅसिटोनने काहीच झाले नाही तर थर जाळीदार कोटिंगचा आहे असे समजून तिथेच थांबावे. तसला थर काढायला लागणारी द्रव्ये घरच्या टेबलावरची नाहीत.

ऋतूचा मुद्दा कोकणातल्या वाचकासाठी मुद्दाम सांगायला हवा, कारण परदेशी पुस्तकांत तो नसतो. अ‍ॅसिटोन फार वेगाने उडते आणि उडताना नाण्यातली उष्णता ओढून घेते. जुलैच्या हवेत असे थंडावलेले तांबे पृष्ठभागावर लगेच बाष्प धरते, म्हणजे आपण लॅकर काढून त्या जागी पाणी ठेवतो. आणि ज्याने पावसाळ्यात लॅकर मारले त्याच्या थरावर जो पांढरट दुधाळ धुरळा दिसतो, तोही याच कारणाने आलेला असतो: द्रावक उडताना हवेतली ओल थरात अडकली. थर काढायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, कोरड्या दुपारी, आणि शेवटच्या बुडीनंतर नाणे कोमट हवेत धरून लगेच सुकवावे. कोमट म्हणजे केस वाळवण्याच्या यंत्राची मंद हवा, तीही भांड्यातले द्रावक दूर नेल्यावर. अ‍ॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. त्यामुळे काम उघड्या ओसरीवर करावे, आणि घरात समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटते नसावे. पातळ हातमोज्यांतून ते काही क्षणांत आरपार जाते, म्हणून लाकडी चिमटा बरा. वापरलेले द्रव मोरीत ओतू नये. महाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे सावित्रीला किती सोसावे लागते यावर इथले लोक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत, त्यात आपली वाटी घालायला नको. थोडे द्रव उघड्यावर, मुलांपासून दूर, उडून जाऊ द्यावे. रंग काढायची तयार पेस्ट मात्र दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. तिच्यात बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असते. ते माणसाच्या फुप्फुसांना आणि यकृताला घातक आहे, अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. ओलाव्यात त्यातून क्लोराइड सुटण्याचा धोका तो वेगळाच, आणि क्लोराइड तर आपल्याला नाण्यातून घालवायचे आहे.

थर निघाल्यावर बहुतेकांची निराशा होते, आणि दुसरा धोका तिथे सुरू होतो. नाणे ठिपकेदार दिसते. जिथे लॅकर टिकले होते तिथे फिके, जिथे फाटले होते तिथे गडद. कधी खाली नागडे गुलाबी तांबे निघते, म्हणजे लॅकरपूर्वी कुणीतरी त्याला पार घासले होते. अशा वेळी हात चिंचेकडे वळतात, किंवा सारखा रंग यावा म्हणून गंधकाचे द्रावण लावले जाते. दोन्ही टाळावे. गुलाबी तांबे कोरड्या जागी काही वर्षांत आपोआप तपकिरी होते. कृत्रिम काळेपणा मात्र भिंगाखाली नेहमी ओळखू येतो. ठिपकेदारपणा हा नाण्यावर गेल्या पन्नास वर्षांत काय घडले त्याचा खरा लेखाजोखा आहे, तो डोळ्यांना बरा दिसत नाही म्हणून पुसायचा नसतो.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांकडून येतो. हे काम घरी करूच नये, संवर्धकाकडे द्यावे, असे ते म्हणतात. होनासाठी, दुर्मीळ ठशासाठी, आणि हिरवी भुकटी सुटणाऱ्या कोणत्याही नाण्यासाठी ते शंभर टक्के बरोबर आहे. ब्राँझ डिसीज थांबवायला नाणे आठवडेच्या आठवडे सोडियम सेस्क्विकार्बोनेटमध्ये ठेवावे लागते किंवा बेन्झोट्रायाझोलची प्रक्रिया करावी लागते. पहिल्याने नाण्याच्या त्वचेचा, म्हणजे पटिनाचा, रंग बदलू शकतो, दुसरे आरोग्याला धोक्याचे मानतात. हे शिकलेल्या हातांचे काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे. नाशिकजवळ आंजनेरीला १९८० मध्ये परमेश्वरीलाल गुप्त आणि माहेश्वरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. तिथे ठसा ओळखून घेता येतो. पण पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीत झिजलेली, सर्वसाधारण दुदांडी शिवराई असेल, तर तिच्यासाठी कुणी मुंबईला जाणार नाही, हे मान्य करायला हवे. ‘तज्ज्ञांकडेच द्या’ एवढे सांगून आपण त्या माणसाला पुन्हा चिंचेच्या हवाली करतो. सर्वसाधारण नाण्यासाठी सुरक्षित, सौम्य आणि थांबायचे कुठे हे सांगणारी रीत त्याच्या हाती देणे जास्त जबाबदारीचे आहे.

तिसरा आक्षेप नाणकशास्त्राशी थेट संबंध नसलेला, पण खरा आहे. देव्हाऱ्यातली शिवराई संग्रहाची वस्तू नाही. तिच्यावर लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू पडते, पंचामृताचा अभिषेक होतो, आणि ती उजळ असावी अशी घरच्यांची श्रद्धा असते. त्या श्रद्धेशी माझा वाद नाही. घराने ते नाणे पूजेसाठी ठेवले आहे, अभ्यासासाठी नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की त्यावर लॅकर मारू नये, कारण दूध, दही आणि मध भेगांतून आत गेले की निघत नाहीत. उघडे नाणे अभिषेकानंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे केले तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आणि घरात दोन-तीन शिवराया असतील तर एक पूजेला ठेवून बाकीच्यांना चिंच-मिठाचा हात न लावणे कुणालाही जड जाऊ नये.

मग नव्याने काय लावायचे? सर्वसाधारण नाण्याला काहीच नाही. संरक्षण नाण्याच्या अंगावर नको, त्याच्या भोवती हवे. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुडीचा रंग बदलला की तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद तापवून पुन्हा कोरडी करणे, यातून जे साधते ते कुठल्याही लॅकरने साधत नाही. नाणे पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवावे. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे, अल्बममध्ये सर्रास असतात ती, काही वर्षांत हिरवा चिकट रस सोडतात आणि त्यातही क्लोराइडच असतो. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, सागाची बंद पेटी या तिघांपासून नाणे दूर ठेवावे. गंधक आणि आम्ल त्यांच्यातून येते. बोटांनी काठालाच धरावे, घामातही मीठ असते. फारच वाटले तर ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेल्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात देता येतो, आणि तोही पुढे द्रावकाने काढता येतो.

थर काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्यावेत, वजन करावे, काढल्यावर पुन्हा तेच. पाकिटात एका चिठ्ठीवर लिहावे: लॅकर कसे होते, कोणत्या द्रावकाने निघाले, कोणत्या महिन्यात. आणि त्याहून मोलाचे म्हणजे नाणे कोणत्या गावच्या, कोणत्या घरचे, किती पिढ्यांपासूनचे. शिवराईचे कोणते ठसे रायगडाच्या पायथ्याशी चालत होते, कोणते पुण्याकडे, कोणते नागपूरकडे, हे सांगणारा पुरावा बाजारातल्या नाण्यांत उरलेला नाही, कारण दलालाच्या हातून गेलेल्या नाण्याला गाव राहत नाही. उमरठच्या किंवा पाचाडच्या घरातून कधीच बाहेर न गेलेल्या झिजक्या शिवराईला ते आहे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी निघाली तर मात्र वरचे काहीच करायचे नाही, पाणीसुद्धा लावायचे नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शिवाय अशा नाण्यांवरची माती, ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भांड्यात निघाली हे सगळे मिळून त्यांचे वय ठरते. तहसील कार्यालयात कळवून ती होती तशीच, मातीसकट, द्यावीत.